रोहिणीची माणसं आणि त्यांची पाठदुखी

माझी धाकटी बहीण माझ्याहून बरी फिजिओथेरपिस्ट आहे, असं माझी आई म्हणते. आई राहते माझ्याकडे, पुण्यात. तिच्या गुडघ्यांसाठी मी घरात सायकल आणून ठेवली, शेकायचं मशीन आणलं, सकाळी क्लिनिकला जायच्या आधी तिच्यापुढे उभी राहून व्यायाम करून दाखवले. आईने त्यातलं काही केलं नाही. दिवाळीत रोहिणी आली, आईशेजारी बसून शेंगा सोलता सोलता काहीतरी बोलली, आणि त्या दिवसापासून आई खुर्चीत बसून पाय वर-खाली करायला लागली. अजून करते. मी विचारलं, "मी काय वेगळं सांगत होते गं?" तर म्हणाली, "तू सांगत होतीस. तिनं आधी विचारलं."

जाताना रोहिणी म्हणाली, "ये ना एकदा शहापूरला. आठवडाभर राहा. माझी माणसं बघ."

'माझी माणसं' म्हणजे तिचे पेशंट. मला ते दोन शब्द बरेच दिवस टोचत राहिले. माझ्याकडेही पेशंट आहेत, पुष्कळ आहेत, पण त्यांना 'माझी माणसं' म्हणायचं माझ्या कधी मनात आलं नव्हतं. जानेवारीत मी क्लिनिक सहकाऱ्यावर सोपवून निघाले. बहिणीला मदत करायला जातेय असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे ती असं काय करते, ते शोधून काढायला चालले होते.

शहापूर

रोहिणी बाजारपेठेच्या मागे दोन खोल्यांत राहते. एका संस्थेसाठी ती शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतल्या गावापाड्यांतून स्कूटरवर फिरते. पाठ, कंबर, गुडघे, खांदे दुखणारी माणसं बघायची, त्यांना समजावायचं, शिकवायचं. यातल्या बऱ्याच जणांना वाचता येत नाही, किंवा बसची पाटी वाचण्यापुरतंच येतं. दवाखान्यात गेले तर डॉक्टरला बोलायला वेळ नसतो. एखादा शब्द कानावर पडतो, आणि तो शब्द घेऊन माणूस घरी येतो.

"गॅप. झीज. नस दबली," रोहिणी भाकरी थापता थापता म्हणाली. "दुखण्यापेक्षा या शब्दांनी माणसं जास्त आजारी पडलीत इथं."

त्या रात्री जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी होती. आमच्या घरी लहानपणी भाकरी म्हणजे ज्वारीची. रोहिणीच्या हातची तांदळाची भाकरी कागदासारखी पातळ आणि टम्म फुगलेली. तीही तिला जमायला लागली होती.

जेवणाआधी आम्ही बाजारात भाजी आणायला गेलो होतो, तेव्हाचा प्रसंग. भाजीवाल्या बाईने रोहिणीला लांबूनच हाक मारली आणि मेथीच्या जुड्या सोडून सरळ उभी राहिली. "बघा गो ताई!" म्हणत तिने उजवा हात डोक्यावर नेला. गेले कित्येक महिने तिला स्वतःची वेणी घालता येत नव्हती, असं नंतर कळलं. आजूबाजूच्या बायका हसल्या. कोणीतरी म्हणालं, "ती सगल्यांना दाखवते. पोलिसालापन दाखवला." रोहिणीने भर बाजारात तिचा खांदा चाचपून पाहिला आणि शाबासकी दिली. मेथीचे पैसे घ्यायला ती बाई तयारच होईना.

मला पुण्यात क्लिनिकबाहेर माझे पेशंट ओळखतसुद्धा नाहीत. पांढरा कोट नसला की नजर पुढे जाते. मी मेथीची पिशवी धरून उभी होते आणि हसत होते, पण आतून काही बरं वाटत नव्हतं.

घरी आल्यावर मी माझी बॅग उघडली. मी रिकाम्या हाताने आले नव्हते. माणसाच्या उंचीला साजेसा प्लास्टिकचा मणका, म्हणजे पाठीचा आख्खा कणा, आणला होता, वाकवला की वाकणारा, मधल्या गाद्या लाल रंगाच्या. शिवाय रंगीत चित्रांचे मोठे कागद, खास छापून घेतलेले. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी नुसती चित्रं. रोहिणीने मणका हातात घेऊन बघितला. "छान आहे," म्हणाली. त्या 'छान'मध्ये काहीतरी कमी होतं, पण मी विचारलं नाही.

तानसाच्या बाजूला

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्कूटरवर निघालो. थंडी चांगलीच होती. माहुलीच्या डोंगराचे सुळके धुक्यातून अर्धेच दिसत होते. आटगाव मागे टाकून तानसाच्या रस्त्याला लागलो की झाडी दाट होते. सागाची मोठाली पानं रस्त्यावर पडलेली, आणि स्कूटर त्यावरून गेली की पापड मोडल्यासारखा आवाज. इथल्या तलावाचं पाणी पुढे मुंबईला जातं. इथल्या पाड्यातल्या बायका मात्र डोक्यावर हंडे घेऊन उतार चढत होत्या.

ज्या घरी गेलो ते कुडाचं होतं, जमीन नुकतीच सारवलेली. आत चटईवर चंद्रा पडून होती. पस्तिशी-चाळिशीची, अंगाने धडधाकट बाई. कमरेला पट्टा. वर्षभरापूर्वी भाताचे भारे वाहताना तिच्या कमरेत चमक भरली. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरने एक्स-रे काढून सांगितलं, मणक्यात गॅप आहे. तेव्हापासून ती अशीच होती. चूल, पाणी, सरपण सगळं तिची म्हातारी सासू बघत होती.

रोहिणी म्हणाली, "आज माझी मोठी बहीण आलीय. तीच बोलेल." मला बरं वाटलं. मी चटईजवळ बसले आणि पिशवीतून मणका बाहेर काढला.

सासू चुलीपाशी होती. ती एकदम उठली. "कोनाचा गो यो?"

मला कळलं नाही. "कोणाचा म्हणजे?"

"कोनाचं हाड घरात आनलंस? बाहेर ने! आदी बाहेर ने!"

मी सांगितलं की प्लास्टिकचा आहे, दुकानातून आणलाय, हात लावून बघा. ती हात लावायला तयार नव्हती. तिच्या आवाजाने शेजारच्या बायका दारात जमल्या. एकीने तोंडाला पदर लावला. चंद्रा बिचारी आणखीच अंग चोरून पडून राहिली. शेवटी रोहिणीने माझ्या हातातून मणका घेतला, शांतपणे बाहेर जाऊन स्कूटरच्या सीटला बांधला आणि वर ओढणी टाकली. परत येऊन म्हणाली, "नेला, आजी." म्हातारीने उंबऱ्यावर पाणी शिंपडलं.

मग मी चित्रांचा कागद काढला. कंबर दुखणारी बाई, कमरेवर लाल ठिपका, आणि कुठे वाकायचं ते दाखवणारा बाण. चंद्राने कागद दोन्ही हातांत धरून खूप वेळ बघितला. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मग तिने हळूच विचारलं, "हिला बान लागला का?"

दारातल्या बायका हसल्या, रोहिणी हसली, चंद्राही हसली. मलाही हसावं लागलं. पण छपाईला दिलेला तो कागद मी चार जणांना दाखवून, वाहवा मिळवून आणला होता. ते चारही जण डॉक्टर होते.

रोहिणी चंद्राच्या शेजारी मांडी घालून बसली. "चंद्रा, गॅप म्हणजे काय गं? केवढा आहे? हातानं दाखव."

चंद्राने अंगठा आणि करंगळी ताणून वीतभर अंतर दाखवलं.

"आणि त्याच्यात काय आहे?"

"काय नाय. मोकळं हाय. वाकले का दोन तुकडं."

ती हे अगदी सरळ बोलली. पाठीत वीतभर पोकळी आहे आणि वाकलं की आपण तुटणार, हे धरून ही बाई वर्षभर जगत होती. आणि तिला ते कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा आत्ता विचारलं नव्हतं.

"असं कोणी सांगितलं असतं तर मीपण उठले नसते," रोहिणी म्हणाली. "पण तसं नाही. हाडं एकमेकांना धरून आहेत, घट्ट. मधली गादी वयानं थोडी पातळ होते, एवढंच. केस पिकतात ना, तसं. कागदावर डॉक्टर त्याला गॅप म्हणतात. ही माझी ताई, हिच्या फोटोतही गॅप आहे. ताई, ऊठ. वाकून दाखव."

मी चकित होऊन तिच्याकडे बघितलं. माझ्या एक्स-रेची गोष्ट मी तिला बहीण म्हणून सांगितली होती, पाड्यात जाहीर करायला नव्हे. पण सगळ्या बायका बघत होत्या. उठले, वाकले. माझी बोटं नडगीच्या मध्यापर्यंत जाऊन थांबली. त्याखाली गेलीच नाहीत.

"यवढंच?" कोणीतरी म्हणालं.

तेवढ्यात म्हातारी पुढे आली, पदर खोचला आणि कमरेत वाकून दोन्ही तळहात जमिनीला टेकवले. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. घर हास्याने दणाणलं. त्या हसण्यातच रोहिणीने चंद्राला उभं केलं, तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला. चंद्रा हळूहळू वाकत गेली. गुडघ्यापर्यंत गेली, थांबली, डोळे मिटले, मग पुन्हा सरळ झाली.

"नाय तुटलं," ती म्हणाली.

निघताना म्हातारीने आम्हाला उकडलेले करांदे, रानातले कंद, पानात बांधून दिले. म्हणजे रोहिणीला दिले. परतीच्या वाटेवर तलाव दिसतो तिथे थांबून आम्ही ते खाल्ले. कडवट असतात, मिठाबरोबर बरे लागतात. मी म्हटलं, "मला विचारल्याशिवाय प्रदर्शनात उभं केलंस."

"तुझं बघून तिला धीर आला ना पण."

हे खरं होतं. मला त्याचाच राग आला होता. वीस-बावीस वर्षं शिकून आणि शिकवून मी ज्या कामी आले ते म्हणजे माझी कंबर वाकत नाही. मी करांदा चघळत पाण्याकडे बघत बसले. समोर बगळे उडत होते, ऊन पाण्यावर पसरलं होतं. एरवी मी दहा फोटो काढले असते.

मुरबाडच्या वाटेवर

पुढचे दोन दिवस शहापूरच्याच बाजूला गेले. मी मणका घरी ठेवला आणि रोहिणीच्या मागे बसून बघत राहिले. मग एके सकाळी किन्हवली, सरळगाव करत आम्ही मुरबाडकडे निघालो. हा रस्ता सुंदर आहे. भात कापून झालेली खाचरं, त्यातच जमिनीत उरलेल्या ओलीवर पेरलेला वाल हिरवागार, आणि त्यापलीकडे सह्याद्रीची भिंत आडवी. पुण्याकडे आपण हा डोंगर वरून बघतो. इथं माणसं त्याच्या पायाशी राहतात आणि मान वर करून बघतात.

सरळगावच्या अलीकडे स्कूटर पंक्चर झाली. रोहिणी उतरली आणि टायरकडे बघायच्या आधी तिने रस्त्याकडे बघितलं. खरोखरच पहिलाच टेम्पोवाला थांबला. "ताई, काय झालं?" त्याने स्कूटर चढवली, आम्हाला पुढे बसवलं आणि पंक्चरच्या दुकानापर्यंत त्याच्या आईच्या गुडघ्यांची सगळी हकीकत सांगितली. पंक्चर निघेपर्यंत आम्ही चहा आणि गरम भजी खाल्ली. दुकानदारालाही रोहिणी माहीत होती.

चहा पिता पिता ती म्हणाली, "आज तुला काशिनाथ दाखवते. माझा सगळ्यात चांगला पेशंट."

काशिनाथ भाताची शेती करतो आणि हंगाम संपला की वीटभट्टीवर जातो. पाठ धरली म्हणून पावसाळ्यानंतर तो रोहिणीकडे आला. तिने तपासलं, घाबरण्यासारखं काही नव्हतं. व्यायाम शिकवले, आणि दुखलं म्हणजे मोडलं असं नाही, हे समजावलं. त्याने ते इतकं मनावर घेतलं की आता तोच आपल्या अंगणात गाव गोळा करतो आणि सगळ्यांकडून व्यायाम करून घेतो. "मी नसले तरी चालतं तिथं," रोहिणी म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. असा एकही पेशंट मला नाही. माझे पेशंट बरे झाले की येणं बंद करतात, आणि बरे झाले नाहीत तरी बंद करतात.

गाव डोंगराला टेकलेलं होतं. काशिनाथच्या अंगणात पंधरा-वीस माणसं जमली होती, बायका एका बाजूला, बापे एका बाजूला. काशिनाथ मधोमध उभा. उंच, काळासावळा, शर्ट अंगावर ढगळ. तो मोठ्याने मोजत होता आणि हात वर नेत होता. "दुखलं तरी सोडायचा नाय! हलायचा! ताईनी काय सांगलंय?" सगळ्यांनी एका सुरात उत्तर दिलं. रोहिणीने हसून माझ्याकडे बघितलं. मी हसले. खरं सांगायचं तर मला ते बघवत नव्हतं. शेजारच्या घरात एक म्हातारी पडून होती, तिला बघायला रोहिणी गेली. मी ओट्यावर बसून राहिले.

व्यायाम झाले, लोक पांगले. काशिनाथ माझ्यासाठी पाणी आणायला घराकडे वळला. चालता चालता त्याच्या डाव्या पायातली चप्पल निघून मागे पडली. तो तसाच पुढे गेला. चार पावलं खडीवरून अनवाणी गेला आणि त्याला पत्ताच नव्हता.

मी तांब्या घेतला, पण पाणी प्यायले नाही. "काशिनाथ, चप्पल कुठंय?"

त्याने खाली बघितलं आणि ओशाळून हसला. "निघते मधीच."

"कधीपासून?"

"झाले थोडे दिस."

मी त्याला ओट्यावर बसवलं. पाठ कशी आहे विचारलं. "पाठ म्हंजे दुखनारच बाई. दुखलं म्हंजे मोडलं असं नाय."

"रात्री?"

"रात्री जरा जास्ती."

"जरा?" दारातून त्याची बायको सुमन म्हणाली. "भितीला टेकून बसून असतात. आडवं होता येत नाय. सांजचा अंग तापतं. शर्ट बगा कसा लोंबतो."

"गप गो," काशिनाथ म्हणाला.

मी त्याच्या पाठीवरून एकेका मणक्यावर बोटाने हलकेच ठोकत गेले. पाठीच्या मध्यावर एका जागी आले आणि त्याने श्वास आत ओढला. घामच फुटला त्याला. पाय तपासले. डाव्या पायाच्या अंगठ्यात जोर नव्हता. तळपायावर काडी ओढली तर किती वेळा ओढली ते त्याला सांगता आलं नाही.

हे नेहमीचं पाठीचं दुखणं नव्हतं. मणक्यात काहीतरी होतं, बहुतेक क्षय, आणि ते आता पायांच्या नसांवर आलं होतं. मी त्याला सांगितलं की व्यायाम आजपासून बंद, भारी काही उचलायचं नाही, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला जायचं. वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. त्याने सगळ्याला मान हलवली. मग म्हणाला, "ताईना इचारतो."

आता इथं एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. रोहिणीला बोलवायला मी त्या शेजारच्या घराकडे चालत गेले तेव्हा, अगदी क्षणभर, मला आनंद झाला होता. तिच्या सगळ्यात चांगल्या पेशंटच्या पाठीत जे होतं ते तिने पाहिलं नव्हतं, मी पाहिलं होतं. मग दाराशी पोहोचले. आत ती म्हातारीच्या पायाला तेल चोळत काहीतरी गात होती, आणि मी उंबऱ्यावरच थांबले.

"काय गं?" ती म्हणाली.

"काशिनाथला बघ. त्याच्या पायांतला जोर चाललाय."

तिने स्वतः तपासलं. पुन्हा तपासलं. काशिनाथ तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, निकाल ऐकायला आलेल्या मुलासारखा.

"ताई, मी सगलं करतो. येक दीस चुकवला नाय."

"रात्री झोप नाही, ताप येतो, हे मला का नाही सांगितलंत?"

"तुमी मला सगल्यांच्या पुढं उभा केला. मीच दुखतं म्हनालो, तर बाकीचे काय करतील? सोडून देतील ना समदे. तुमची मेहनत..."

मी ज्याचा हेवा करत होते तो विश्वास हा असा होता. त्या विश्वासापायी तो रात्र-रात्र भिंतीला टेकून बसला होता आणि सकाळी अंगणात उभा राहून मोजत होता.

काहीतरी झालंय हे कळून लोक पुन्हा अंगणात आले होते. मला वाटलं, रोहिणी काशिनाथला आत नेऊन समजावेल. मी तेच केलं असतं. ती अंगणात मधोमध जाऊन उभी राहिली, काशिनाथ रोज उभा राहतो तिथे.

"ऐका सगळ्यांनी. दुखलं तरी हलत राहा, असं मी तुम्हाला सांगितलं. ते खरं आहे. पण ती अर्धीच गोष्ट होती. उरलेली अर्धी मी सांगितली नाही. माझं चुकलं. रात्री दुखण्यानं झोप मोडते, ताप येतो, अंग उतरतं, पायातला जोर जातो, चप्पल निघाली तरी कळत नाही, लघवीचं कळत नाही, असं काही झालं तर थांबायचं. व्यायाम नाही. मला सांगायचं, मी नसले तर दवाखान्यात जायचं. मला वाईट वाटेल म्हणून लपवायचं नाही. काशिनाथला आत्ता हॉस्पिटलला न्यायचंय. हे माझ्या बहिणीनं ओळखलं, मी नाही."

मग ती सुमनकडे वळली. "मी आत्ता काय म्हणाले? कधी थांबायचं? तुम्ही सांगा सगळ्यांना."

सुमनने एकेक करून सगळं सांगितलं. ती चुकली नाही. तिला ते सगळं घरातच बघायला मिळालं होतं.

एक म्हातारा म्हणाला, "आता सांगलंस ना. चला रे, गाडी बगा." आणि माणसं धावली. कोणी ईको आणली, कोणी मागची सीट काढली, एकाने घराचं फळकुट सोडवून आणलं, वर गोधडी पसरली. रोहिणीला कोणी एक शब्द बोललं नाही. एका बाईने जाता जाता तिच्या पाठीवर हात ठेवला, बस्स.

मी अंगणाच्या कडेला उभी होते. माझंच बरोबर निघालं होतं. आणि त्या आठवड्यात मला तिचा जेवढा हेवा वाटला नव्हता तेवढा त्या क्षणी वाटला. माझ्या क्लिनिकमध्ये, माझ्या पेशंटसमोर, 'माझं चुकलं' हे शब्द माझ्या तोंडून निघाले नसते. मी वकिलाला फोन केला असता. ती सगळ्या गावासमोर ते बोलली, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं, आणि तिला तिथंच ठेवलं, आपल्यात.

मुरबाड

मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे झाला आणि डॉक्टरांनी पुढच्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. तिथं तपासण्यांत क्षयच निघाला. मणक्याचा. वेळेत आलात, असं तिथले डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन बहुधा लागणार नाही. औषधं बराच काळ घ्यावी लागतील, आणि सुरुवातीला पडून राहावं लागेल.

निदान कळलं त्या दिवशी रोहिणी हॉस्पिटलबाहेर झाडाखाली बसून होती. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी चहा नेला. तो हातात धरून ती म्हणाली, "तू नसतीस तर?" मी तिच्याशेजारी बसले. लहानपणी ती रडायला लागली की तिला गप्प कर म्हणून आई मला पाठवायची, आणि मला ते कधी जमायचं नाही. त्या दिवशीही जमलं नाही.

मी आत काशिनाथकडे गेले. तो छताकडे बघत पडला होता. "टीबी खोकल्याचा असतो," तो म्हणाला. "मला खोकला नाय. त्यांनी दुसऱ्या कोनाचा कागद बगितला का?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, आकृतीसकट. मी ते गिळलं. "टीबी म्हटल्यावर तुमच्या मनात काय आलं?"

"आमच्याकडं येक होता. त्याची ताटवाटी येगली केली. पोरांना जवल येऊ देत नव्हते. तसाच गेला."

मग मी त्याला सांगितलं. त्याचा आजार हाडात आहे, छातीच्या फोटोत काही नाही, त्याच्या शेजारी बसून कोणाला तो होणार नाही. ताट वेगळं करायचं नाही. औषध मात्र एकही चुकवायचं नाही, बरं वाटलं तरी. त्याने दोनदा विचारून खात्री केली. मग म्हणाला, "हे सुमनला सांगा. मी सांगितलं तर तिला वाटंल मी धीर देतोय."

त्या सगळ्या आठवड्यात रोहिणीकडे न बघता माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट. मी सुमनला शोधायला जवळजवळ पळत गेले.

पुण्याला परतल्यावर

मी परत आले त्याला बरेच महिने झाले. चंद्रा आवणीला, भात लावायला, गेली होती, अर्धा दिवस का होईना, असं रोहिणीने कळवलं. माझ्या क्लिनिकमध्ये मी आता पेशंटला आधी विचारते की त्याला काय वाटतं, पाठीत काय झालंय. लोक जे सांगतात ते ऐकून थक्क व्हायला होतं. शिकलेली माणसं आहेत ही, इंजिनिअर, प्राध्यापक. त्यांच्याही पाठीत वीतभर पोकळ्या आहेत.

गेल्या आठवड्यात दुपारी रोहिणीचा फोन आला. ती काशिनाथच्या घरी होती. पायातला जोर परत आला होता, नव्या फोटोत मणका भरत आलेला दिसत होता, आणि डॉक्टरांनी पट्टा लावून उभं राहायला परवानगी दिली होती. "पण हा उठत नाही," ती म्हणाली. "म्हणतो, पुण्याच्या बाईंनी झोपवलं, त्यांनीच उठवायचं. घे, बोल."

फोनवर त्याचा आवाज आला. "बाई, उठू का?"

मी त्याला रात्रीचं विचारलं, तापाचं विचारलं, पायाखाली जमीन कळते का विचारलं. सगळं ठीक होतं. "उठा," मी म्हटलं.

खाट कुरकुरली. सुमन म्हणाली, "सावकाश, सावकाश." रोहिणीने काहीतरी सांगितलं. मग काही वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. आणि मग एकदम गलका झाला, बायका हसायला लागल्या, कोणीतरी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी बाहेर कोणाला तरी हाक मारली, "ये गो, बग, उभा राहिला!" काशिनाथ काहीतरी मोठ्याने बोलत होता, ते गोंगाटात कळलं नाही. फोन खाटेवरच राहिला होता. त्याची कोणाला आठवण नव्हती.

बाहेर माझा पुढचा पेशंट येऊन बसला होता. मी फोन बंद केला नाही.